मॉरिशसच्या महाशिवरात्रीला सेवेसाठी मुलीला पाठवावं का? बडोदेकरांनो, बोला

मांडवीकर_आई

नमस्कार मंडळी. माझी लेक एम. एस. युनिव्हर्सिटीत बी. कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. आमच्या भजनी मंडळातली कॉलेजची मुलं पुढच्या महाशिवरात्रीला, म्हणजे 6 मार्च 2027 ला, मॉरिशसला जायचं ठरवतायत. तिथे गंगा तलावाला लाखो लोक पायी जातात. त्यांच्या वाटेवर पाणी-जेवणाची सेवा करायची, मग तिथल्या मराठी कुटुंबांत चार दिवस राहायचं आणि 12 मार्चचा त्यांचा स्वातंत्र्यदिन बघून परतायचं, असा बेत आहे. सोबत मंडळातले दोन काका आणि एक मावशी असतील. खर्च लाखाच्या आसपास सांगतायत.

लेकीने ध्यासच घेतलाय. सासूबाई म्हणतात, देवाच्या कामाला नाही म्हणू नये. ह्यांचं म्हणणं, परीक्षा तोंडावर असताना समुद्रापलीकडे जाऊन लोकांना पाणी पाजायची काय गरज? मला दोघांचंही पटतं आणि म्हणूनच झोप लागत नाही. कोणी गेलंय का? मुलींसाठी सुरक्षित आहे का? आणि खरं सांगायचं तर तिथल्या लोकांना आपल्या मुलांची गरज तरी आहे का?

रावपुरा_नाना

ताई, स्पष्ट लिहितो, राग मानू नका. ऑगस्ट 2024 मध्ये विश्वामित्रीचं पाणी शहरात शिरलं तेव्हा समा, अकोटा, वडसरकडे घराघरांत गुडघाभर चिखल होता. पाणी ओसरल्यावर तो उपसायला माणसं मिळत नव्हती. गाद्या, धान्य, मुलांची पुस्तकं सगळं रस्त्यावर काढून टाकलेलं. त्या आठवड्यात जी पोरं फावडं घेऊन उतरली ती मला नावानिशी ठाऊक आहेत, आणि त्यातल्या एकाकडेही पासपोर्ट नव्हता.

सेवा करायची तर ती इथे पडून आहे. सयाजी हॉस्पिटलच्या बाहेर रोज खेड्यातून आलेले नातेवाईक उपाशी बसलेले असतात. आषाढीला पंढरीची वाट आहे. तिकिटाचे पैसे वाचवून तेवढ्यात एका मुलीची वर्षाची फी भरता येईल. परदेश बघायचा असेल तर सहल म्हणून जा, त्यात गैर काही नाही. त्याला सेवा म्हणू नये एवढंच माझं म्हणणं.

सूरसागर_काठ

मांडवीकर ताई, मी इथल्या एका कॉलेजात शिकवतो आणि अशाच एका विद्यार्थी गटाबरोबर महाशिवरात्रीला मॉरिशसला जाऊन आलोय. जरा सविस्तर लिहितो, कारण नानांचा प्रश्न मोलाचा आहे आणि त्याला दोन ओळींत उत्तर नाही.

आधी जागेबद्दल. मॉरिशसच्या दक्षिणेकडच्या डोंगराळ भागात ग्रां बासँ नावाचं तळं आहे. ज्वालामुखीच्या मुखात साठलेलं पाणी, भोवती दाट झाडी, समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरच्या आसपास उंच. उत्तरेकडच्या त्रिओले गावच्या एका पुजाऱ्याला 1897 मध्ये स्वप्नात हे तळं दिसलं आणि पुढच्या वर्षी थोडे लोक त्याच्याबरोबर पायी निघाले, अशी तिथली कथा आहे. ते बहुतेक सगळे उसाच्या मळ्यांतले गिरमिटिया, म्हणजे करारावर नेलेले मजूर, नाहीतर त्यांची मुलं. 1972 मध्ये भारतातून नेलेलं गंगाजल त्या पाण्यात मिसळलं आणि ते गंगा तलाव झालं. आता बेटाच्या प्रत्येक टोकापासून पांढऱ्या कपड्यांतली माणसं खांद्यावर कावड घेऊन चालत येतात. उत्तरेकडची मंडळी दोन-दोन, तीन-तीन दिवस चालतात. तळ्याचं पाणी भरून आपापल्या गावच्या देवळात नेतात आणि महाशिवरात्रीच्या रात्री पिंडीवर घालतात.

तळ्याच्या वाटेवर मंगल महादेवाची 33 मीटर उंच मूर्ती उभी आहे, 2007 मधली. ती आपल्या सूरसागर तलावातल्या महादेवावरून घडवलेली आहे. रोज न्यायमंदिराकडून जाता-येता जो महादेव आपण स्कूटरवरूनच हात जोडून मागे टाकतो, तोच तिथे धुक्यातून पुढे आला तेव्हा बसमधली आमची सगळी पोरं उठून उभी राहिली.

आता कामाबद्दल. आमच्या गटात इंजिनिअरिंगची मुलं होती. त्यांनी घरूनच योजना करून नेली होती: भाविकांची नोंदणी, थांब्यांचा नकाशा, मोबाइलवर सूचना. व्हाक्वाच्या पुढे ला मारीच्या रस्त्यावर एका गावच्या लोकांचा मांडव होता, तिथे आम्हाला नेमलं होतं. मांडव सांभाळणाऱ्या बाई साठीच्या. त्यांनी पोरांचं सगळं शांतपणे ऐकून घेतलं, चहा दिला आणि मागच्या बाजूला नेलं. तिथे स्टीलच्या पेल्यांचा ढीग होता. एकदा वापरून टाकायच्या बऱ्याच प्लास्टिकच्या वस्तूंवर तिथे 2021 पासून बंदी आहे, त्यामुळे या मांडवात पेले धुवायचे आणि पुन्हा भरायचे, हेच रात्रभराचं मोठं काम. एका टबात राख-साबणाचं पाणी, दुसऱ्यात साधं, तिसऱ्यात गरम. तिथून पेले उपडे घालायचे ते फळीवर, आणि फळी रस्त्याकडे किंचित कललेली, म्हणजे पाणी निथळून मांडवात चिखल होत नाही. ही फळी त्या गावातल्या कोणीतरी कित्येक वर्षांपूर्वी बसवली असणार. नोंदणीचा विषय पोरांनी पुन्हा काढला नाही. पहाटेपर्यंत टबापाशी बसून होती.

पहाटे पाऊस आला. त्या डोंगरावर फेब्रुवारी-मार्चमध्येही पहाटे अंगात काकडा भरतो. ओली माणसं मांडवात शिरायला लागली. एक आजी बाकावर बसल्या, पायातली चप्पल निघेना, टाच सोलून पट्ट्याला चिकटलेली. आमच्यातली एक मुलगी, घरी स्वतःचं ताटही न उचलणारी, खाली बसली आणि कोमट मीठपाण्यात तो पाय धरून राहिली. पट्टा सुटेपर्यंत दोघी एकमेकींना काही सांगत होत्या, आजी भोजपुरीत आणि ही गुजरातीत.

नाना, तुम्ही विचारता हे इथे का नाही. मी त्या मुलीलाही हेच विचारलं होतं. ती म्हणाली, इथे मला कोणी हे करूच देणार नाही, आई म्हणेल तू अभ्यास कर. तिथे तिला कोणी ओळखत नव्हतं, ती कोणाची लाडकी नव्हती. परत आल्यावर तिने इथे काय केलं ते तिचं तिने सांगावं. पण माझ्यासारख्या शिकवणाऱ्या माणसाला एवढं दिसलं की आपलं महत्त्व कमी झालेलं मुलांना सोसतं, आवडतंही, आणि त्याची संधी आपण घरी त्यांना देत नाही.

तरीही माझी एक अट आहे. काय काम करायचं ते तिथल्या लोकांनी ठरवलेलं असलं पाहिजे. तुमच्या मंडळाने तिथल्या कोणत्या गावाशी बोलणं केलंय? त्यांनी कशासाठी माणसं मागितली आहेत? हे लेखी आलेलं नसेल तर पाठवू नका.

कारेलीबागची_लेक

सरांनी लिहिलेली गुजरातीत बोलणारी मुलगी मी नाही, पण मी दुसऱ्या एका गटातून जाऊन आले आहे. काकू, मुलींच्या सुरक्षेबद्दल. रात्रीची वाट गजबजलेली असते, आजी-आजोबा, लेकुरवाळ्या बायका, सगळे. जागोजागी पोलीस आणि प्रथमोपचार. एकटं वाटेल असा क्षण रस्त्यावर येतच नाही. प्रश्न आला तो झोपायच्या जागेचा. आमच्या वेळी मुलींना ज्या सभागृहात उतरवलं तिथे आतून कडी नव्हती आणि नहाणीघर इमारतीच्या मागे, अंधारात. सोबतच्या मावशींनी त्याच रात्री भांडून जागा बदलून घेतली. तेव्हा हे आधी विचारा: मुली कुठे झोपणार, कडी आहे का, मावशी त्याच खोलीत आहेत का. कार्यक्रमपत्रिकेत हे कोणी छापत नाही.

रावपुरा_नाना

सर, तुमचं लिहिणं मनाला लागलं. पण एक सांगा. पेले धुवायला बडोद्याहून माणसं नेली नसती तर ते पेले धुतले गेले नसते का? शंभर-सव्वाशे वर्षं ती माणसं आपली सेवा आपण करतायत. मग गेलेल्या मुलांचं भलं झालं, हे मान्य. तिथल्यांचं काय झालं?

सूरसागर_काठ

धुतले गेले असते, नाना. नक्की. म्हणूनच आपण गेल्याने त्यांचं काही अडलेलं सुटतं असं मी मुलांना सांगत नाही. तिथल्यांचं काय झालं हे तिथल्यांनीच सांगावं. या साइटवर मॉरिशसच्या एक ताई अधूनमधून लिहितात, त्यांना धागा पाठवतो.

फतेगंज_युवक

थोडं वेगळ्या बाजूने. मी मराठी ख्रिस्ती. आमच्या चर्चच्या युवक गटाबरोबर श्रीलंकेला अशाच सेवेला गेलो होतो. जायच्या आधी आमच्या फादरनी चार महिने दर रविवारी बसवून घेतलं: त्या देशाचा इतिहास, तिथली भांडणं, कशावर बोलायचं नाही, फोटो कोणाचे काढायचे नाहीत. त्या बैठकांना जो नियमित आला नाही त्याला तिकीट नाही. अर्धा गट गळला, आणि ते बरंच झालं.

नानांच्या पहिल्या प्रश्नावर आमचा नियम असा होता की परत आल्यावर तेवढ्याच दिवसांचं काम बडोद्यात करायचं. मी एका वृद्धाश्रमात जायला लागलो तो अजून जातो.

मॉरिशसबद्दल एक माहिती. तिथे सप्टेंबरमध्ये सेंत-क्रॉआला फादर लाव्हाल यांच्या समाधीला लोक रात्रभर पायी जातात आणि त्यात हिंदू, मुसलमानही असतात. महाशिवरात्रीलाही तसंच, इतर धर्मांचे लोक वाटेवर उभे राहून चालणाऱ्यांना पाणी-सरबत देतात. ताईंच्या लेकीने हे जरूर बघावं. आपल्या देवाच्या वाटेवर दुसऱ्या देवाची माणसं उभी असतात हे डोळ्यांनी बघणं, ह्याला मी यात्रेतला मोठा भाग मानतो.

कास्कावेलची_मराठी

नमस्कार. मला सरांनी बोलावले म्हणून लिहिते. माझे मराठी शाळेत शिकलेले आहे, घरी आम्ही क्रेओल बोलतो. चूक असेल तर समजून घ्या.

आमचे पूर्वज रत्नागिरीकडून आले. 2 नोव्हेंबर 1834 ला 'अ‍ॅटलस' जहाजाने 36 मजूर पोर्ट लुईला उतरले, त्यानंतर 1920 पर्यंत जवळजवळ पाच लाख माणसे आली. त्यात मराठी थोडे होते. आजही थोडे आहोत. जिथे ते उतरले त्याला आप्रवासी घाट म्हणतात, तिथल्या दगडी पायऱ्या अजून आहेत. 2006 पासून ते जागतिक वारसा स्थळ आहे. तुमच्या मुलांनी गंगा तलावाच्या आधी तिथे जावे असे मला वाटते. ज्यांना पाणी द्यायचे ते कोण आहेत हे आधी कळू दे.

नाना, तुम्ही विचारले आमचे काय भले झाले. मी खरे सांगते. काही गट आले ते आम्हाला मराठी शिकवायला आले. माझी काकी मराठीची शिक्षिका आहे, तिच्या वर्गात येऊन पाहुण्यांनी मुलांचे उच्चार सुधारले. मुले गप्प झाली. ते गट गेल्यावर दोन मुलांनी मराठीचा विषय सोडला. अशा लोकांनी येऊ नये.

दुसरे गट आले ते आमच्या घरी राहिले. सकाळी माझ्या आजीबरोबर बागेत भाजी तोडली. संध्याकाळी आमच्या मुलांनी त्यांना झाकरी शिकवली. झाकरी म्हणजे कोकणातला जाखडी नाच, आमच्याकडे तो लग्नात आणि गणपतीत करतात. बडोद्याच्या मुलांना तो येत नव्हता. आमच्या गावची बारा वर्षांची मुले त्यांना पाय कसा टाकायचा ते सांगत होती. माझा भाऊ, जो मराठी कार्यक्रमाला कधी येत नव्हता, तो त्या दिवसापासून ढोलकी वाजवायला येतो. हे भले झाले, नाना. पेल्यांचे नाही.

आमच्याकडे गणपती 1896 पासून बसतो, पहिली पूजा हेन्रिएटाला झाली. गणेश चतुर्थीची देशाला सुट्टी असते. महाराष्ट्र भवनात शिवाजी महाराजांचा पुतळा 2023 ला बसला. आम्ही काही विसरलेले नाही. आम्हाला दया नको, पाहुणे हवेत. जे घरी येतात, जेवतात, भांडी घासतात आणि पुढच्या वर्षी फोन करतात.

महाशिवरात्रीला माणसे लागतात ती दुसऱ्या दिवशी. रात्री सगळ्यांना सेवा करायची असते, तेव्हा मांडवात उभे राहायलाही जागा नसते. सकाळी रस्त्याच्या कडेला कागद, फुले, केळीची पाने, फाटलेल्या चपला पडलेल्या असतात. तळ्याच्या काठावर नैवेद्य कुजतो, माकडे पिशव्या फाडतात. तेव्हा सगळे थकून घरी झोपलेले असतात. तुमची मुले त्या सकाळी हातमोजे घालून आली तर आमच्या गावचे लोक त्यांना कधी विसरणार नाहीत.

रावपुरा_नाना

ताई, तुमच्या मराठीला कुठेही चूक नाही. तुमचं लिहिणं दोनदा वाचलं, मग घरात मोठ्याने वाचून दाखवलं.

माझं म्हणणं मी सगळं मागे घेत नाही. इथलं काम आधी, हे माझ्यासाठी पक्कं आहे. पण मुलं तुमच्या घरी शिकायला येणार असतील आणि सकाळी झाडू मारणार असतील, तर माझ्या नातवालाही मी अडवणार नाही. फक्त मंडळाला एक सुचवतो. देवउठी एकादशीला मांडवीच्या विठ्ठल मंदिरातून वरघोडा, म्हणजे देवाची मिरवणूक निघते. जी पोरं मॉरिशसला जायचं म्हणतात त्यांनी त्या दिवशी पालखीच्या मागे राहून मांडवीपासून पुढचा सगळा रस्ता झाडावा. फोटो न काढता. जी टिकतील त्यांचीच नावं तिकिटाला.

प्रतापनगर_डॉक्टर

नानांची परीक्षा मला फार आवडली. मी कामाचं लिहितो.

भारतीय पासपोर्टवर पर्यटक म्हणून जायला आधी व्हिसा काढावा लागत नाही. पण परतीचं तिकीट, राहण्याचा पत्ता आणि पुरेसे पैसे दाखवावे लागतात, आणि जायच्या आधी प्रवेशाचा ऑनलाइन फॉर्म भरावा लागतो. गट सेवेसाठी जातोय म्हटल्यावर यजमान गावाचं निमंत्रणपत्र प्रत्येकाच्या हातात असू दे, आणि बिनपगारी सेवा पर्यटक म्हणून चालते का हे मंडळाने त्यांच्या वकिलातीकडून लेखी विचारून घ्यावं. चौकशीच्या खिडकीशी उभ्या असलेल्या एकोणीस वर्षांच्या मुलीने हे समजावत बसू नये.

औषधं मूळ पाकिटात आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीसह. कोडीन किंवा ट्रॅमाडॉल असलेली खोकल्याची-दुखण्याची औषधं अजिबात घेऊ नका, तिथले कायदे फार कडक आहेत. हे मी दहादा सांगतो, कारण आपल्याकडे घरोघरी अशी एखादी बाटली पडून असते. बेलाची पानं, फुलं, तुळशीचं रोप, माती, बिया बॅगेत घालू नका. देवासाठी नेलं म्हटलं तरी विमानतळावर काढून घेतात. बेल तिथे मिळतो.

नोव्हेंबर ते एप्रिल हा तिथला चक्रीवादळांचा मोसम. मोठ्या वादळाचा इशारा लागला की शाळा, बस, विमानतळ, सगळं बंद होतं. म्हणून विम्यात विमान रद्द झाल्याचा खर्च आहे का ते बघा आणि परतीच्या तारखेनंतर परीक्षेला निदान आठवडा ठेवा. डेंग्यू आणि चिकनगुन्या तिथेही होतात, डासांचं मलम हवंच.

आणि एक गंभीर गोष्ट. मार्च 2024 मध्ये याच यात्रेत एक मोठी सजवलेली कावड विजेच्या तारांना लागली, आग लागली आणि सहा भाविक गेले. तेव्हा उंच कावडीच्या आसपास चालायचं नाही, तिला हात लावायचा नाही, कोणी कितीही प्रेमाने बोलावलं तरी. हे मुलांकडून वदवून घ्या.

कास्कावेलची_मराठी

डॉक्टरांचे बरोबर आहे. आता कावडीच्या उंचीवर बंधन आहे, पण काही लोक ऐकत नाहीत. आमच्या गावची कावड आता डोक्याच्या वर जात नाही. म्हातारे आधी नाराज होते, त्या वर्षानंतर कोणी काही बोलले नाही.

सूरसागर_काठ

बडोद्याच्या पोरांनी जाण्याआधी एक माणूस माहीत करून घ्यावा: मणिलाल डॉक्टर. जन्म बडोद्याचा, 1881 चा. बॅरिस्टर झाले आणि गांधीजींच्या सांगण्यावरून 1907 मध्ये मॉरिशसला गेले. त्याआधी 1901 मध्ये आफ्रिकेहून परतताना गांधीजींची बोट तिथे थांबली होती. तेव्हा मजुरांना मुलं शिकवा, राजकारणात लक्ष घाला असं ते सांगून आले होते, पण तिथे ठाण मांडून बसणारं कोणीतरी हवं होतं. मणिलाल मळेवाल्यांविरुद्ध मजुरांचे खटले चालवायला लागले. 1909 मध्ये 'हिंदुस्थानी' हे वर्तमानपत्र काढलं. चार वर्षं राहिले. पोर्ट लुईला त्यांचा पुतळा आहे.

इथल्या किती मुलांना हे नाव ठाऊक आहे? मी वर्गात विचारलं तेव्हा एकही हात वर आला नाही. आपल्या शहरातून त्या बेटावर सेवेला गेलेला तो माणूस गेला ते खटले लढायची विद्या घेऊन, आणि तिथल्या माणसांना ती हवी होती. आमच्या मुलांपाशी तशी विद्या अजून नाही, म्हणून त्यांनी झाडू घ्यावा. वकिलीची, डॉक्टरीची मुलं पुढे कधी गेली तर त्यांचं काम वेगळं असेल.

मॉरिशसने 12 मार्च 1968 ही स्वातंत्र्याची तारीख निवडली ती दांडीयात्रेच्या दिवसावरून. गुजरातेतून जाणाऱ्यांनी त्या दिवशी तिथे असणं मला फार योग्य वाटतं.

कारेलीबागची_लेक

पैशांबद्दल कोणीच बोललं नाही म्हणून लिहिते. आमच्या गटात काहींनी सोसायटीत फिरून वर्गणी गोळा केली, 'सेवायात्रेसाठी'. मला ते बरं वाटलं नाही. लोकांनी देवाच्या नावावर दिलेले पैसे आपल्या विमानाच्या तिकिटाला जातात. मी सुट्टीत शिकवण्या घेतल्या, अर्धे त्यातून, अर्धे बाबांनी दिले. काकू, तुमच्या लेकीने थोडा तरी भाग स्वतः कमवावा. वर्गणी काढायचीच असेल तर ती यजमान गावच्या मांडवासाठी काढा आणि हिशेब दोन्हीकडे द्या.

आणि जेवणाची काळजी करू नका. धोल पुरी म्हणून एक प्रकार मिळतो, डाळ भरलेली मऊ पातळ पोळी, त्यात घेवड्याची रस्साभाजी आणि तिखट चटणी. शाकाहारी आहे, स्वस्त आहे, कागदात गुंडाळून देतात. पहिला घास घेतला तेव्हा मला आमच्या आजीच्या पुरणपोळीत गूळ घालायचा राहून गेल्यासारखं वाटलं, दुसऱ्या दिवसापासून मी रांगेत पहिली.

मांडवीकर_आई

सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री लेकीला शेजारी बसवून पूर्ण धागा वाचून दाखवला. कास्कावेलच्या ताईंचं उच्चार सुधारण्याबद्दलचं वाचलं तेव्हा ती बराच वेळ बोलली नाही. मग म्हणाली, आमच्या कार्यक्रमात दोन दिवस 'मराठी शिबिर' लिहिलंय, ते काढायला सांगते. आज तिने मंडळात विषय काढला. काकांनी आधी कुरकुर केली, कारण त्या शिबिरासाठी पाट्या-पुस्तकं छापून झाली होती. पण मावशी तिच्या बाजूने उभ्या राहिल्या आणि ते दोन दिवस आता तळ्याकाठच्या सफाईला दिलेत. पुस्तकं काकींच्या शाळेला हवी असतील तरच पाठवणार, त्यांना विचारून.

ह्यांचं अजून पूर्ण पटलेलं नाही. परीक्षेचं वेळापत्रक आल्याशिवाय तिकीट काढायचं नाही, आणि मुलींच्या राहण्याच्या जागेचे फोटो आधी बघायचे, असं ठरलंय. खर्चातला तिसरा हिस्सा ती स्वतः उभा करणार. दिवाळीत फराळाच्या ऑर्डरी घेतेय, चकली मी शिकवणार.

कास्कावेलच्या ताई, तुमच्याकडे येताना मुलांनी काय आणावं?

कास्कावेलची_मराठी

बंद पाकिटातला गोडा मसाला. इथे मिळत नाही आणि आजी रोज विचारते. रेनकोट आणावा, छत्री नको, वाऱ्यात टिकत नाही. पांढरे कपडे दोन जोड, जुने असले तरी चालतील, चिखलात जाणार. नवीन बूट घालून येऊ नका, जुने, पायाला सवयीचे घाला. चार्जरसाठी ब्रिटिश पद्धतीच्या चौकोनी तीन पिनांचा अडॅप्टर. आणि घरी आल्यावर सकाळी आजीला 'बोंझूर' म्हणा, ती त्यावर 'राम राम' म्हणेल.

काकीला पुस्तकांची यादी दाखवते. गोष्टींची असतील तर तिला हवी आहेत.

प्रतापनगर_डॉक्टर

मंडळाला सांगा, जाणाऱ्या सगळ्यांची तपासणी मी विनामूल्य करून देतो. धनुर्वाताचं इंजेक्शन राहिलं असेल ते त्याच वेळी देऊ. एक प्रथमोपचाराची पेटीही भरून देतो, फोडांच्या पट्ट्या जास्त घालून.

रावपुरा_नाना

एकादशीच्या झाडलोटीसाठी खराटे माझ्याकडे वीस आहेत, आणखी लागले तर आणतो. मुलांनी पहाटे पाचला विठ्ठल मंदिराच्या मागच्या दारी यावं. नातवाचं नाव लिहून घ्या.

मांडवीकर_आई

लिहिलं, नाना. मंडळाची पुढची सभा रविवारी संध्याकाळी सहाला आहे. येणाऱ्या पालकांनी पासपोर्टच्या पहिल्या पानाच्या दोन झेरॉक्स आणाव्यात, आणि ज्यांच्या मुली जाणार आहेत त्या आयांनी राहण्याच्या जागेबद्दलचे प्रश्न कागदावर लिहून आणावेत. ते सगळे एकत्र करून कास्कावेलला पाठवू.